ताटाच्या कडेचे काटे

आमच्या घरात माणसांचे दोनच प्रकार मानले जातात: काळीसारखी माणसं आणि करडीसारखी माणसं. काळी आणि करडी या आमच्या मांजरी. ही त्यांची नावंसुद्धा नव्हेत, नुसते अंगावरचे रंग; बारसं करण्याइतका उत्साह आमच्याकडे कोणाला नव्हता. दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली मीटरची खोली आहे. तिथे एका भटक्या मांजरीने या दोघींना जन्म दिला आणि थोड्याच दिवसांत ती कुठे गेली ती गेलीच. माझ्या बायकोने दोन्ही पिल्लं एकाच टॉवेलात गुंडाळून वर आणली. टॉवेल सोडल्याबरोबर काळी माहेरी आल्यासारखी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडे तोंड करून ओरडायला लागली. करडी शिवणाच्या मशीनखाली घुसली. तिला बाहेर काढायला आईला पुढे कितीतरी दिवस दुधाची बशी सरकवत जमिनीवर बसावं लागलं.

आई एक, मीटरची खोली एक, टॉवेलसुद्धा एक, आणि तरी हा फरक. त्यामुळे संस्कार, वळण, घरचं वातावरण यांवर मला कोणी भाषण द्यायला लागलं की मी या दोघींकडे बोट दाखवतो. कुरियरवाल्याच्या पायात घोटाळायला काळीला कोणी शिकवलं? बेल वाजली की मशीनखाली पळायचा धाक करडीला कोणी घातला? कोणीच नाही. दोघी तशाच आल्या होत्या. आमच्यातही तेच. आई काळीच्या जातीची, माझी धाकटी बहीण काळीच्या जातीची, बायको तर काळीच्या वरताण. मी करडी. आणि बाबा म्हणजे समस्त करड्यांचे मूळपुरुष.

बाबा कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते घरात आहेत की नाहीत हे दारातल्या चपला बघून ओळखावं लागे. कशालाही त्यांचं उत्तर ‘हं’. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालो, हं. बहिणीने लग्न ठरवलं, हं. आईला त्या सगळ्या ‘हं’चे अर्थ कळत असत आणि ती आम्हाला ते समजावून सांगत असे, पण तीही कधीकधी कंटाळून म्हणायची, “भिंतीशी संसार केला असता तर निदान पोपडे तरी पडले असते.” बाबा यावरही हं म्हणत.

करडी या माणसाकडे कशी गेली ते कोणी पाहिलं नाही. एका रविवारी जेवताना आम्हाला दिसलं की ती बाबांच्या खुर्चीखाली बसलेली आहे आणि तिची पाठ त्यांच्या पावलाला टेकलेली आहे. बाबांनी तिला बोलावलं नव्हतं, हात लावला नव्हता. त्यांनी फक्त पाय हलवला नव्हता. त्या दिवसापासून ती त्यांची झाली. इतर कोणाच्या हातून ती अन्न घेत नसे. काळीला मात्र कोणीही चालायचं.

रविवार हा बाबांचा दिवस होता, कारण रविवारी मासे. सकाळी पिशवी घेऊन ते माहीमला कोळीवाड्याच्या बाजूला चालत जात आणि बहुतेक वेळा कर्ली आणत. कर्ली ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. चव अशी की नाव घेतलं तरी पुरे, आणि अंगात इतके काटे की शहाण्या माणसाने पापलेटच घ्यावं. केसासारखे बारीक, टोकाला फाटे फुटलेले काटे, आणि ते मांसात कुठेही असतात. आई तुकड्या तळून आणायची आणि बाबा आपलं जेवण बाजूला ठेवून सगळ्यांचे काटे काढायला बसायचे. दोन बोटांनी तुकडी उकलायची, मांस हळूहळू चिमटीत फिरवायचं, काटा लागला की तो आपल्या ताटाच्या कडेला ठेवायचा. होता होता ताटाच्या कडेला काट्यांची अख्खी रांग लागे. स्वच्छ केलेलं मांस ते न बोलता एकेकाच्या ताटात सरकवत. आधी आम्हा मुलांच्या, मग आईच्या, मग खुर्चीखाली करडीच्या, आणि राहिलेलं गार झालेलं स्वतःला.

घरात एक नियम होता, जो कोणी केला नव्हता आणि कोणी मोडत नव्हतं. बाबांच्या बोटांखालून गेलेला मासा बघायचा नाही. सरळ तोंडात टाकायचा. माझी बायको घोडपदेवची, मालवणी घरातली, मासे खाण्यात आमच्या सगळ्यांना विकून येईल अशी. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी बाबांनी तिच्या ताटात कर्ली ठेवली, तेव्हा तिने सवयीने बोटं घालून मासा चाचपला. आईने ताबडतोब तिच्या मनगटावर हात ठेवला.

“अगं, यांनी काढलाय. डोळे मिटून खा.”

“आमच्यात ज्याचा काटा त्याने काढायचा, आई. सवय आहे हो,” बायको हसत म्हणाली.

“असेल. पण हा बघायचा नसतो.”

बाबांनी मान वर केली नाही. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि मला तेव्हा समजलं की हा माणूस आयुष्यभर जे बोलला नाही ते सगळं या ताटात वाढत आला आहे.

बाबा रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. एकदा सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. परळला एका कंपनीत मी हिशेब तपासायचं काम करतो. तिथेही मला दिवसाकाठी फार बोलावं लागत नाही. मी बूट घालत होतो तेवढ्यात बाबा आतून आले, त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि घट्ट मिठी मारली. “माझा वाघ!” ते म्हणाले. “माझा वाघ चालला कामाला!”

मी छत्तिशीतला माणूस, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. काय करावं ते मला कळेना. दिवसभर ऑफिसात आकड्यांवर नजर ठरली नाही. लपवण्यासारखं काही नाही, मला फार आवडलं. इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी बूट घालायला मुद्दाम वेळ लावला.

मग हळूहळू बाबा सगळ्यांसाठीच उघडले. वॉचमनला थांबवून विनोद सांगायला लागले. जिन्यात शेजारच्या काकूंना म्हणाले, “आज काय, लग्नाला निघाल्यासारख्या दिसताय!” काकू लाजल्या, खूश झाल्या, आणि दोन दिवस बिल्डिंगभर सांगत राहिल्या. ज्यांनी कधी गोडाला बोट लावलं नव्हतं ते वाटीने श्रीखंड खाऊ लागले. बहीण ठाण्याहून आली की तिच्या गळ्यात पडत. ती बिचारी रडायची. “दादा, आपण किती वर्षं वाट बघितली रे याची,” ती मला म्हणाली.

गिरगावच्या आत्याला तर आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्या घरात दिवाणाच्या वर भिंतीवर आजोबांचा, म्हणजे बाबांच्या वडिलांचा फोटो आहे आणि त्याला रोज ताजा हार पडतो, कारण आजोबांना शेवटी साक्षात्कार झाला होता असं आमच्या घराण्यात मानतात. तेही आयुष्यभर गप्प आणि कडक. मग एकाएकी रस्त्यातल्या माणसांना मिठ्या मारायला लागले, सतत हसायचे, कपड्यांची शुद्ध राहिली नाही, आणि शेवटी कोणाला ओळखेनासे झाले. लोक पाया पडायला येत. आत्याने बाबांना हसताना पाहिलं आणि हात जोडले.

“अगदी आमच्या बाबांसारखा झालाय गं दादा! तेच हसू!” ती आईला म्हणाली. “आपल्या घराण्यावर ती कृपा आहे.”

आईने हात जोडले नाहीत. सगळ्या घरात ती एकटी खूश नव्हती. आयुष्यभर बोलत नाहीत म्हणून करवादली, आणि आता बोलतात तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघत बसायची. बहिणीने तिला चिडवलं, “आई, तुला नक्की हवंय तरी काय?”

“करडी बघ कुठे बसते,” आई म्हणाली.

करडी परत मशीनखाली बसायला लागली होती. बाबा जेवायला बसले की ती यायची, खुर्चीपासून हातभर लांब थांबायची, आणि परत जायची. मी आईला समजावलं. मुक्या जनावरांना काही कळतं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. करडीला आवाज सहन होत नाही आणि बाबा आता टेबलावर थाप मारून हसतात, पाय हलवतात, एवढंच. काळी नाही का त्यांच्या मांडीवर ऐसपैस झोपत?

“काळी चोराच्याही मांडीवर झोपेल,” आई म्हणाली. “माझ्या बाजूला रोज जो माणूस झोपतो ना, तो कोण आहे ते मला माहीत नाही.”

आईला थोडं लागून बोलायची सवय आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मग खालच्या मजल्यावरचे काका गेले. बाबा आणि ते रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारत; दोघंही करडीच्याच जातीचे, त्यामुळे अख्खी फेरी एक शब्द न बोलता पार पडे आणि दोघं समाधानाने घरी येत. काकांच्या घरी आम्ही सगळे खाली गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले, इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “चहाबरोबर गोड काही नाही का?” खोलीत कोणी हललं नाही. बाबांना वाटलं असावं की शांतता आपल्यासाठीच आहे. त्यांनी साहेबाचा आणि शिपायाचा तो विनोद सुरू केला, जो ते वॉचमनला सांगत, आणि शेवटी स्वतःच हसले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

लोकांनी सांभाळून घेतलं. मित्र गेला, दुःखाने डोकं ठिकाणावर नाही, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. वर आल्यावर आई म्हणाली, “दुःख झालं असतं तर हे हं म्हणाले असते.”

त्याच सुमाराला ती आणखी एक गोष्ट म्हणाली. रविवारची भांडी घासायला टाकताना तिने बाबांचं ताट माझ्यासमोर धरलं. कडेला थोडेसेच काटे होते. “हल्ली काटे कमी निघतात,” ती म्हणाली. मी म्हणालो, “अगं, मासाच तसा मिळाला असेल.” कर्ली तशी कधीच मिळत नाही, हे मला काय आणि तिला काय, दोघांनाही पक्कं माहीत होतं.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आजोबांवर तिचा फार जीव, कारण नवे आजोबा तिच्याच वयाचे झाले होते. एकदा रविवारी बहीण आली होती. बाबांनी नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “आज मी भरवणार.” मला त्यांनी कधी भरवलं नव्हतं, बहिणीलाही नाही. आम्ही सगळे जेवायचं थांबवून बघायला लागलो. बाबा कर्लीची तुकडी मोडत, भातात कालवत आणि हात उंच फिरवून गाण्यासारखं म्हणत, “हा घास चिऊचा! हा घास काऊचा!” पोरगी खिदळत होती. बहिणीने पदर डोळ्यांना लावला. बायको स्वयंपाकघरात तुकड्या परतत होती आणि तिथूनच हसत म्हणाली, “मांडीवरून खाली सांडू नका हां दोघं.”

मी बाबांच्या ताटाकडे पाहिलं. ताटाची कड स्वच्छ होती. एकही काटा नव्हता.

मला ते दिसणं आणि मुलीने घास गिळणं यांत काही अंतर राहिलंच नाही. तिचं खिदळणं मध्येच तुटलं. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. मग घशातून एक विचित्र घरघर आली आणि तिने दोन्ही हातांनी गळा धरला. मी खुर्ची पाडून उठलो. आई ओरडली. आणि बाबा हसले. नातीचं ते वाकडं झालेलं तोंड बघून मनापासून, खळखळून हसले, आणि पुढचा घास उचलून तिच्या उघड्या तोंडाशी नेत म्हणाले, “हा घास काऊचा!”

आईने त्यांच्या हातावर फटका मारला. भात भिंतीवर उडाला. बायको धावत आली, तिने पोरीला हिसकावून घेतलं, तोंडात बोट घातलं, पाठीवर मारलं. बोटाला रक्त लागून आलं, काटा आला नाही. श्वास मात्र थोडा मोकळा झाला. आम्ही तशाच खरकट्या हातांनी खाली धावलो आणि टॅक्सी पकडली. हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने काटा ओढून काढला. बारीक, टोकाला फाटा असलेला. ट्रेवर ठेवला तर तो दिसेनासुद्धा. मुलगी माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि बायको खिडकीतून बाहेर बघत राहिली. ज्याचा काटा त्याने काढायचा, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तेव्हा बाबा टेबलाशीच बसलेले होते. काळी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी सगळ्यांच्या ताटातली कर्ली संपवली होती. “आलात? श्रीखंड आहे का?” त्यांनी विचारलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांना परळला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी डॉक्टरांनाही विनोद सांगितला. कॉटन ग्रीनच्या कचेरीतल्या प्रत्येकाचं नाव त्यांना आठवत होतं, उलटे आकडे बरोबर म्हणता आले, घरचा रस्ता खाणाखुणांसकट सांगितला. मला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी एमआरआयचा काळा फोटो दिव्यावर लावला आणि कपाळामागच्या जागेवर पेन फिरवलं. तिथे मेंदू आक्रसत चालला होता. या आजारात आठवण बराच काळ शाबूत राहते, ते म्हणाले. आधी जातो तो स्वभाव.

“लोक इथे फार उशिरा येतात,” ते म्हणाले. “पेशंट आनंदात असतो ना. आनंदात असलेल्या माणसाला डॉक्टरकडे कोण आणणार?”

आई म्हणाली, “मी सांगत होते.” त्यात विजय नव्हता. ती खुर्चीत अगदी लहान दिसत होती.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून मला विचारलं, “यांच्या वडिलांचं काय झालं होतं? उतारवयात त्यांचा स्वभाव असा बदलला होता का?”

माझ्या डोळ्यांसमोर आत्याच्या दिवाणावरचा फोटो आला. ताजा हार, उदबत्ती, आणि फोटोतलं ते हसू. मी होय म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली आणि काही घराण्यांत हा आजार पुढे उतरतो, उतरेलच असं नाही, असं काहीतरी सांभाळून सांगितलं. रक्ताची तपासणी करता येते, हेही सांगितलं. मी अजून ती केलेली नाही. आत्यालाही मी काही सांगितलं नाही. तिच्या फोटोला अजून रोज हार पडतो.

मला राग आला, तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या मिठीचं काय करायचं? आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी मला जवळ घेतलं, वाघ म्हणाले, आणि ते वडील नव्हतेच, तो कपाळामागचा आक्रसलेला भाग होता. माझे वडील काटे काढणारे होते. ते त्या मिठीच्या आधीच केव्हातरी उठून गेले होते आणि जाताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, नेहमीप्रमाणे. बहीण हे मानायला तयार नाही. ती म्हणते, आतलं प्रेम होतं तेच बाहेर आलं. असेलही. तिचा स्वभाव तसा आहे, आणि ती सुखी आहे.

नंतरची वर्षं सांगण्यात अर्थ नाही. हसू ओसरलं, शब्द संपत गेले, आणि बाबा परत गप्प झाले. बहिणीला वाटलं, बाबा परत आले. पण त्या गप्पपणात एकसुद्धा हं नव्हता. काटे आता मी काढायला लागलो, सगळ्यांचे आणि बाबांचेही. ते समोरचा घास न बघता गिळायचे. त्या दिवसांत एकदा करडी मशीनखालून बाहेर आली आणि माझ्या खुर्चीखाली बसली, माझ्या पावलाला पाठ टेकवून. मी पाय हलवला नाही. बाबा त्याच पावसाळ्यात गेले.

याला आता काही वर्षं झाली. मुलगी सातवीत आहे. घशात अडकलेला काटा तिला आठवत नाही, पण आजोबा हसत होते एवढं आठवतं, आणि ती ते छान आठवण म्हणून सांगते. आम्ही कोणी तिला दुरुस्त करत नाही. काळी गेली. करडी म्हातारी झाली आहे आणि रविवारी माझ्याच खुर्चीखाली असते. जेवायला बसलो की मी आधी खाली वाकून बघतो ती आहे ना. सुरुवातीला मला त्याचा फार आधार वाटायचा. मग बायकोच्या लक्षात आलं की करडीला आता काहीच ऐकू येत नाही. बेल वाजली तरी ती हलत नाही. तेव्हापासून तिच्या तिथे बसण्यावर मी फार विसंबत नाही.

गेल्या रविवारी कर्ली होती. मी काटे काढले, मुलीच्या ताटात मासा सरकवला, मग आईच्या, मग बायकोच्या. ऑफिसात त्या आठवड्यात कोणीतरी एक किस्सा सांगितला होता, मला तो आठवला आणि मी जेवताना सांगितला. बरा होता किस्सा. मुलगी हसली, बायकोही हसली. मला स्वतःलाच शेवटी हसू आवरेना, टेबलावर हात आपटून मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की बायको हसायची थांबली आहे आणि आई माझ्या हाताकडे बघते आहे.

आईने नातीचं ताट आपल्याकडे ओढलं. तिने दोन बोटं त्या मी स्वच्छ केलेल्या माशात घातली आणि सगळा मासा चाचपायला लागली, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बायकोच्या त्या पहिल्या रविवारनंतर आमच्या घरात असं कोणी केलं नव्हतं. मुलगी म्हणाली, “आजी, बाबाने काढलेत गं काटे.” आई थांबली नाही.

एक काटा निघाला. केसाएवढा. कर्लीत असा एखादा राहतोच, कोणाच्याही हातून राहतो, बाबांच्याही हातून चांगल्या दिवसांत कधीतरी राहिला असेल. आम्ही बघत नव्हतो इतकंच. आईने तो आपल्या ताटाच्या कडेला ठेवला, नातीचं ताट परत सरकवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “आज एवढं हसायला काय झालं रे तुला?”